प्रायव्हेट जेटवर केबिन क्रू व्हायचंय: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि मधल्या तालुक्यांतून जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत. मी मुंबईत चार्टर विमानांवर काम करते आणि माहेर चोपड्याकडचं, त्यामुळे बहुतेक जण "ताई" म्हणूनच सुरुवात करतात. निम्म्या प्रश्नांचं उत्तर एका वाक्यात आहे, ते आधीच सांगते: प्रायव्हेट जेट ही पहिली नोकरी क्वचितच असते. आधी एअरलाइन, मग जेट. अपवाद आहेत, ते प्रश्न ८ मध्ये.

१. प्रायव्हेट जेट, कॉर्पोरेट जेट आणि चार्टर हे एकच ना?

विमान तेच असू शकतं, परवाना वेगळा असतो. चार्टर कंपनीकडे डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. आमच्यात त्याला सरळ एनएसओपी म्हणतात. ते असेल तरच पैसे घेऊन प्रवासी नेता येतात. खासगी वर्गात नोंदवलेलं विमान मालकाच्या स्वतःच्या कामासाठीच उडतं. काही उद्योगसमूह विमानासाठी वेगळी कंपनी काढून परमिट घेतात, मग मालकाला नको असेल त्या दिवशी विमान भाड्यानेही जातं.

नोकरीच्या दृष्टीने फरक मोठा आहे. चार्टरमध्ये रोज नवी माणसं: आज हिऱ्यांचे व्यापारी, उद्या लग्नाचं वऱ्हाड, परवा नेते. कॉर्पोरेटमध्ये वर्षानुवर्षं तेच साहेब आणि त्यांचंच कुटुंब. कोणाला चहात किती साखर आणि कोणत्या नातवाला कशाची ॲलर्जी, हे तुम्हाला पाठ असावं लागतं.

२. वडील विचारतात, "मनी पोर इमानमा चहाच देई का?" त्यांना काय सांगू?

चहा देते, हे खरंच आहे. पण जेटवर केबिनमध्ये बहुतेक वेळा ती एकटी असते. एअरलाइनमध्ये चौघी-पाचजणी असतात, सिनियर असते. इथे धूर निघाला, कोणाच्या छातीत दुखलं, सीटच्या फटीत मोबाईल चेपून त्याची बॅटरी तापली, तर कॉकपिटचं दार सोडल्यास मागे कोणी नाही.

ही विमानं उंचही जातात. गल्फस्ट्रीम जी५५० किंवा ग्लोबल ६००० ला ५१,००० फुटांपर्यंत परवानगी आहे. ४०,००० फुटांवर केबिनमधला दाब अचानक गेला तर माणसाला शुद्धीत राहून काही करण्यासाठी साधारण १५ ते २० सेकंद मिळतात. त्या वेळात आधी स्वतःचा मास्क, मग प्रवाशांचे. प्रशिक्षणाचा मोठा भाग याचाच असतो: आग, दाब जाणं, पाण्यावर उतरावं लागणं, प्रथमोपचार, घातक वस्तूंचे नियम, सुरक्षा. वडिलांना हे सांगा.

३. प्रत्येक जेटवर एअर होस्टेस असते का?

नाही. अमेरिका आणि युरोपात १९ पेक्षा जास्त प्रवासी आसनं असतील तरच केबिन क्रू कायद्याने सक्तीचा होतो, आणि बहुतेक बिझनेस जेट मुद्दाम १९ किंवा त्याच्या आतच ठेवलेली असतात. म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या जेटवर मालक आम्हाला ठेवतो तो बऱ्याचदा त्याला सेवा हवी म्हणून. भारतातही छोट्या विमानांत बहुधा दोन पायलटच असतात. किंग एअरसारख्या छोट्या टर्बोप्रॉपवर (पंख्याच्या विमानावर) जागा शोधू नका. निवडणुकीत शेतात उतरणाऱ्या हेलिकॉप्टरवर तर नाहीच नाही.

जागा असतात त्या चॅलेंजर, लेगसी, फाल्कन, ग्लोबल, गल्फस्ट्रीम या घराण्यांत. मुलाखतीआधी त्या कंपनीकडे यांतली कोणती विमानं आहेत ते बघून जा. न बघता आलेली उमेदवार पहिल्या दोन मिनिटांत ओळखू येते.

४. शिक्षण आणि वय किती लागतं?

बारावी उत्तीर्ण आणि १८ पूर्ण. शाखा कोणतीही. पदवी सक्तीची नाही, पण कॉर्पोरेटवाले पदवीधर पसंत करतात. उमवितून (आताचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) बाहेरून बीए करत एअरलाइनमध्ये लागलेल्या मुली मला माहीत आहेत. कमाल वयाची अट एअरलाइनमध्ये असते. जेटवर तिशीतली, चाळिशीतली क्रू सर्रास दिसते. इथे वय आड येत नाही.

५. गावातल्या इन्स्टिट्यूटचा एअर होस्टेस कोर्स करू का? ते म्हणतात, डीजीसीएचं लायसन्स मिळेल.

भारतात केबिन क्रूला पायलटसारखं लायसन्स मिळत नाही. डीजीसीएने मान्य केलेलं प्रशिक्षण तुम्हाला नोकरी देणारी विमान कंपनी स्वतः देते किंवा करवून घेते, त्या त्या विमानाचं, आणि पात्र ठरवते. बाहेरचा कोणताही वर्षभराचा डिप्लोमा त्याची जागा घेत नाही. "लायसन्स देऊ" म्हणणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नका.

मग कोर्स अगदी वाया जातो का? चारचौघांत बोलायची भीड चेपते, इंग्रजी सुधारतं, उभं राहणं-बसणं जमतं. घरात हे शिकायला वाव नसेल आणि फी झेपत असेल तर करा. पण त्यासाठी शेत गहाण ठेवू नका, आणि "शंभर टक्के नोकरी" असं छापलेला कागद कधीच खरा मानू नका. तेवढ्याच पैशात मुंबई-पुण्याला चार वॉक-इन मुलाखती देऊन येता येतं.

६. मग सुरुवात नेमकी कुठून करायची?

एअरलाइनच्या वॉक-इनपासून. मुंबई, पुणे, नाशिक, इंदूर या शहरांवर लक्ष ठेवा. तारखा कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर येतात. पहिल्या खेपेला नापास होणं अगदी नेहमीचं आहे. एअरलाइनमध्ये दोन-तीन वर्षं काढली की प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीची पडताळणी या सगळ्यांतून तुम्ही गेलेल्या असता. चार्टर कंपनीला तेच हवं असतं, कारण तिच्याकडे नवख्यांना शिकवायला वेळ नसतो.

घराजवळची शक्यताही सांगते. फ्लाय९१ ने २०२४ मध्ये जळगावहून गोवा, हैदराबाद, पुणे अशी सेवा सुरू केली, त्यांची विमानं एटीआर ७२-६०० आहेत. लहान विमानात थोड्या क्रूने काम करायची सवय जेटसाठी उलट चांगली. "मोठीच एअरलाइन हवी" हा हट्ट कशाला?

७. उंची कमी आहे, चष्मा आहे. आणि मुलगा असलो तर?

देशी एअरलाइनमध्ये मुलींना साधारण १५५ सेंटिमीटर उंची मागतात. एमिरेट्सला १६० हवी आणि टाचा उचलून हात २१२ सेंटिमीटरपर्यंत पोचला पाहिजे. जेटवर गंमत उलटी होते. जी५५० किंवा ग्लोबलच्या केबिनची उंचीच १.८८ मीटर, छोट्या जेटची त्याहून कमी. म्हणून छोट्या जेटवर सहा फुटी मुलाला दिवसभर मान वाकवून काम करावं लागतं. मुलगे आहेत, आणि गल्फकडच्या व राजघराण्यांच्या विमानांवर चांगल्या पदांवर आहेत. आपल्याकडे मालक अजून बहुधा मुलगीच मागतात, हे खरं. चष्मा असेल तर लेन्स चालतात. गणवेशाबाहेर दिसणारं गोंदण मात्र अडतं, आणि आपल्याकडे हातावर नाव गोंदवायची हौस फार.

८. मी जीएनएम नर्सिंग केलंय / हॉटेल मॅनेजमेंट केलंय. एअरलाइन टाळून थेट जाता येईल का?

प्रश्न ६ ला हेच ते अपवाद. जगातली पहिली विमान परिचारिका एलेन चर्च १९३० मध्ये कामावर घेतली गेली ती नर्स होती म्हणूनच. ज्या मालकाच्या घरात वयस्कर किंवा आजारी माणूस आहे, तो नर्सिंगचं शिक्षण बघून थांबतो. एअर ॲम्ब्युलन्स हे वेगळं क्षेत्र आहे. तिथे आयसीयूचा अनुभव लागतो आणि तुम्ही वैद्यकीय पथकातच गणल्या जाता.

हॉटेलवाल्यांना दुसरा दरवाजा आहे. पंचतारांकित हॉटेलात बटलर किंवा फाइन डायनिंगचं काम केलेल्यांना कॉर्पोरेट फ्लाइट डिपार्टमेंट घेतात आणि सुरक्षेचं प्रशिक्षण नंतर देतात. पण नुसती पदवी चालत नाही, हातात प्रत्यक्ष कामाची वर्षं हवीत.

९. मुलाखतीत जेवणाबद्दल इतकं का विचारतात?

कारण निवड तिथेच होते. दिसणं, बोलणं सगळ्यांचं ठीकठाकच असतं. मग समोरचा म्हणतो: "उद्या पहाटे सहाला मुंबई-दिल्ली, संध्याकाळी परत. सहा प्रवासी. दोघे जैन, एकाला मधुमेह, एक पाच वर्षांचं मूल. काय मागवाल?"

इथे "सँडविच आणि ज्यूस" म्हणणारी बाद. आधी प्रश्न विचारा. जैन म्हणजे नुसते कांदा-लसूण न खाणारे, की कंदमूळ पूर्ण वर्ज्य? चौविहार पाळतात का? पाळत असतील तर परतीचं जेवण सूर्यास्ताआधी उरकलं पाहिजे, आणि विमान किती वाजता सुटणार यावर सगळा बेत फिरतो. पर्युषण चालू आहे का? मधुमेहाचे साहेब इन्सुलिन घेतात का, आणि कधी? मुलाला नट्स चालतात का?

मग कॅटरिंग. मुंबईत ताजसॅट्ससारखी फ्लाइट किचन्स आहेत, हॉटेलं आहेत, आणि मालकाच्या घरून डबाही येतो. गॅलीत (विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात) ओव्हन, मायक्रोवेव्ह, कॉफी मशीन एवढंच. विस्तव नाही, फोडणी नाही. जे वर जाईल ते पुन्हा गरम केल्यावर कसं लागेल ते आधी कळायला हवं. पोळी चामट होते, पुरी तर विसराच, ढोकळा टिकतो. वर चवही बदलते. जर्मनीत लुफ्तान्झासाठी फ्राउनहोफर संस्थेने केलेल्या चाचण्यांत केबिनच्या दाबात मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवते असं दिसलं. म्हणून आमटी थोडी चढीच मागवायची.

खान्देशच्या मुलींना हे माहीतच नसतं की इथे त्यांचं पारडं जड आहे. जळगावात, शिरपुरात, शहाद्यात मारवाडी-जैन-गुजराती शेजारात वाढलेलं पोर हे सगळं जगत आलेलं असतं. एकादशीला काय चालतं, साबुदाणा कोणाला नको असतो, चातुर्मासात पालेभाजी का टाळतात, हे दिल्लीच्या प्रशिक्षिकेला वहीत लिहून घ्यावं लागतं. मुलाखतीत ते बोला. आणि वांग्याच्या भरताला कमी लेखू नका: वांगी भाजून केलेलं आपलं भरीत आणि कळण्याची भाकरी मागणारे उद्योगपती आहेत. ओव्हनमध्ये गरम करायला भरतासारखी सोपी भाजी नाही.

१०. आमच्या घरात मांसाहार नाही, दारू नाही. मला ते वाढावं लागेल?

हो. खायची-प्यायची सक्ती कोणीही करणार नाही, पण स्टेक कितपत भाजलाय आणि कोणती वाइन कोणत्या ग्लासात, हे जमलं पाहिजे. लंडनच्या डब्ल्यूएसईटी संस्थेचे वाइनचे कोर्स मुंबईत करता येतात. चव घेऊन थुंकायची तिथे रीतच असते. मनाला पटत नसेल तर आत्ताच ठरवा. फक्त शाकाहारी घराण्याचंच विमान मिळेल अशी आशा धरून या क्षेत्रात येऊ नका.

क्रूच्या पिण्याबाबत नियम कडक आहे. उड्डाणाआधी १२ तास दारू बंद आणि ड्यूटीवर श्वासचाचणी. निकाल शून्यच हवा. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा वापरायचा नाही.

११. माझं इंग्रजी मराठी माध्यमाचं, बोलण्यात अहिराणी हेल येतो. चालेल?

हेल चालतो. अडखळणं चालत नाही. प्रवाशाचं वाक्य एकदाच ऐकून समजलं पाहिजे आणि सुरक्षेच्या सूचना न थांबता देता आल्या पाहिजेत. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. हिंदी आपली बरी असतेच. गुजराती येत असेल तर बायोडेटात ठळक लिहा. नवापूर-नंदुरबारच्या मुलींनी तर नक्कीच.

१२. जागा निघाल्याचं कळतं कसं? बायोडेटा कोणाला पाठवायचा?

जाहिराती फार कमी येतात. एका ऑपरेटरकडे दोन-चार जेट, म्हणजे मोजकीच क्रू. एक मुलगी गेली की पायलट आणि उरलेल्या क्रूकडून नाव विचारलं जातं. एअरलाइनमध्ये असताना तुमच्याबद्दल लोक काय बोलतात, ते इथे आधीच पोचलेलं असतं. डीजीसीएच्या संकेतस्थळावर परमिट असलेल्या कंपन्यांची यादी आहे. ती उघडा, कोणाकडे मोठी जेट आहेत ते बघा आणि त्यांच्या ऑपरेशन्स विभागाला लिहा.

बायोडेटा एकच पान. वर राहण्याचं शहर, कोणत्या विमानांवर काम केलं, सुरक्षा प्रशिक्षण कधीपर्यंत वैध, पासपोर्ट आणि व्हिसा, भाषा, पाककला. फोटो साधा, केस बांधलेला. लग्नातला नको.

१३. एजंट म्हणतो, इतके भरले की जेटवर पक्की नोकरी.

भरू नका. नोकरी देणारा ऑपरेटर उमेदवाराकडून पैसे घेत नाही. प्रशिक्षणाच्या खर्चासाठी काही ठिकाणी बाँड लिहून घेतात, ती वेगळी गोष्ट: ती लेखी असते, कंपनीच्या नावावर असते आणि नोकरी मुदतीआधी सोडली तरच लागू होते. मुलाखत हॉटेलच्या खोलीत बोलावली असेल तर जाऊ नका. ऑपरेटरला कार्यालय असतं, विमानतळावर टेबल तरी असतं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, लाजेपोटी महिना घालवू नका.

१४. कागदपत्रांत आपल्याकडच्या मुली कुठे अडकतात?

नावात. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब. त्यात लग्नानंतर चौथा प्रकार. विमानतळ प्रवेशपत्रासाठी पोलीस पडताळणी होते तेव्हा ही तफावत तुम्हाला आठवडे बसवून ठेवते. सगळीकडे एकच नाव करून घ्या, गॅझेट करावं लागलं तरी. पासपोर्ट नोकरीची वाट न बघता आधीच काढा. परदेशी चकरांसाठी मालक पुरेशी वैधता आणि कोरी पानं असलेला पासपोर्ट बघतो.

१५. नोकरी मुंबईची, पण जळगावला राहून करता येईल का? गाड्या भरपूर आहेत.

गाड्या आहेत हो. पण फोन रात्री अकराला येतो आणि रिपोर्टिंग पहाटे चारला असतं. मुंबईत बिझनेस जेटचं टर्मिनल कलिना बाजूला आहे, म्हणून क्रू कलिना, सांताक्रूझ, मरोळ, अंधेरीत खोली वाटून राहते. दिल्लीत २०२० पासून स्वतंत्र जनरल एव्हिएशन टर्मिनल आहे, तिथे जागा जास्त निघतात. सलग सुट्टी मिळाली की घरी या. पोळ्याला येईन असं आईला आधीच कबूल करू नका.

१६. पगार किती?

आकडा लिहीत नाही. विमान, मालक आणि अनुभवाप्रमाणे तो इतका बदलतो की कोणताही आकडा तुम्हाला फसवेल. रचना विचारा. ठरलेलं मासिक वेतन किती, बाहेरगावी मुक्कामाचा भत्ता दिवसाला किती, विमान दुरुस्तीला गेलं तर वेतन चालू राहतं का, वैद्यकीय आणि अपघात विमा कोणाच्या नावे, पीएफ आहे का. विमान हँगरमध्ये दोन महिने उभं राहू शकतं, तेव्हा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

१७. प्रवासी मोठे लोक असतात. फोटो, रील टाकता येतात का?

नाही. गोपनीयतेचा करार सही करूनच कामाला सुरुवात होते. कोण, कुठे, कोणासोबत गेलं, हे शेअरबाजार हलवू शकतं आणि संसारही मोडू शकतं. विमानाच्या शेपटीवरचा व्हीटी नोंदणी क्रमांक दिसणारा सेल्फीही नको. त्यावरून मालक शोधता येतो. मुलाखतीआधी तुमचं इन्स्टाग्राम बघितलं जातं. घरी आल्यावर चावडीवर विचारतील, "मग कोण कोण बसलं?" तेव्हा हसून भाकरी मोडायची.

१८. एकटी मुलगी, पैसेवाले प्रवासी. सुरक्षित आहे का? कोणी वावगं वागलं तर?

हा प्रश्न आया विचारतात, आणि विचारायलाच हवा. विमानात अखेरचा शब्द कॅप्टनचा. क्रूने सांगितलं की तो प्रवाशाला समज देतो आणि गरज पडली तर विमान वळवू शकतो. मालक असला तरी तो विमानात प्रवासीच. मुक्कामी क्रूचं हॉटेल प्रवाशांपेक्षा वेगळं किंवा निदान मजला वेगळा असावा, हे नोकरी घेतानाच विचारून घ्या.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीत अंतर्गत समिती हवीच. खरी अडचण छोट्या ऑपरेटरची, जिथे माणसं कमी असतात किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असते. तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावं लागतं, समिती कारण बघून मुदत वाढवू शकते. प्रश्न १७ मधला गोपनीयतेचा करार तुम्हाला अशी तक्रार करण्यापासून रोखू शकत नाही. तसं कोणी बजावलं, तर तेही तक्रारीत लिहा.

१९. परदेशी कंपन्या घेतात का?

घेतात, पण भारतातून थेट क्वचित. व्हिस्टाजेट, कतार एक्झिक्युटिव्ह, अबुधाबीची रॉयल जेट ही नावं तुम्ही ऐकली असतील. नेहमीचा रस्ता म्हणजे गल्फच्या एअरलाइनमध्ये काही वर्षं आणि तिथून पुढे. युरोपात केबिन क्रू अटेस्टेशन नावाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडचं प्रशिक्षण त्याऐवजी धरत नाहीत.

२०. जेटवर गेल्यावर नाही जमलं तर एअरलाइनमध्ये परत जाता येतं?

येतं. नव्या विमानाचं प्रशिक्षण पुन्हा होतं, ज्येष्ठता बहुधा नव्याने मोजतात आणि प्रश्न ४ मधली वयाची अट तेव्हा आड येऊ शकते. म्हणून एअरलाइन सोडताना भांडून निघू नका आणि अनुभवाचा दाखला, प्रशिक्षणाच्या नोंदी यांच्या प्रती त्याच दिवशी हातात घ्या. नंतर मागितल्या की मिळायला महिने लागतात.